१९३२ चा ठराव: सोव्हिएत कलासंघटना सरकारनं मोडल्या, की त्यांनीच सरकारला आत बोलावलं?

रेखाटन

२३ एप्रिल १९३२ रोजी सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीनं साहित्य-कला संघटनांच्या पुनर्रचनेचा ठराव केला. त्यानंतर लेखकांचे, चित्रकारांचे, संगीतकारांचे वेगवेगळे गट संपले आणि प्रत्येक कलेसाठी एकच संघ हे धोरण ठरलं. ही गोष्ट आपल्यापर्यंत नेहमी एकाच साच्यात येते. क्रांतीनंतरची पहिली काही वर्षं रशियात कलेला मोकळं रान होतं, मालेविच, तातलिन, रॉदचेन्को हे प्रयोगशील कलाकार हवं ते करत होते, मग स्टालिननं सगळं बंद पाडलं.

ही मांडणी मला अपुरी वाटते. ठराव वरूनच आला, त्याबद्दल वाद नाही. पण कलेत एकच अधिकृत आवाज असावा ही मागणी त्याआधी कितीतरी वर्षं कलाकारांच्या संघटना स्वतःच करत होत्या. प्रत्येक संघटनेला तो आवाज आपला असायला हवा होता, भांडण होतं ते एवढ्यावरूनच.

सुरुवात प्रयोगशील मंडळींपासूनच करते, कारण आपली सहानुभूती त्यांच्याकडे असते. १९१८ मध्ये लुनाचार्स्कींच्या शिक्षण खात्यात, म्हणजे नार्कोमप्रोसमध्ये, चित्रकला विभाग निघाला. दाविद श्तेरेनबेर्ग त्याचे प्रमुख. जुने नावाजलेले चित्रकार बोल्शेविकांपासून चार हात लांब राहिले आणि मोकळ्या खुर्च्या भविष्यवाद्यांना, म्हणजे जुनी कला मोडू पाहणाऱ्या प्रयोगवाल्यांना, मिळाल्या. पेत्रोग्राडची अकादमी बरखास्त झाली, तिच्या जागी मुक्त कार्यशाळा आल्या. डिसेंबर १९१८ मध्ये या विभागाचं 'कम्यूनची कला' हे पत्र सुरू झालं. समीक्षक पुनिन, कवी मायकोव्हस्की ही मंडळी त्यात लिहीत. जुन्यावर घाव घालण्याचा आणि आपल्या पंथाच्या वतीनं सत्तेच्या भाषेत बोलण्याचा त्यातला सूर इतका चढला, की चौथ्याच अंकात खुद्द लुनाचार्स्कींना 'चमचाभर उतारा' अशा मथळ्याखाली आपल्याच खात्याच्या पत्राला आवर घालावा लागला. तक्रारी नेमक्या दोन होत्या: भूतकाळाचा विध्वंस करायची हौस, आणि एका विशिष्ट पंथाची बाजू मांडताना जणू सरकारच बोलतंय असा आव. आणि ही तक्रार करत होता तो मंत्री! मला हा सगळा प्रकार त्या काळाची किल्ली वाटतो.

पुढे डाव सरळ उलटला. १९२१ मध्ये थोड्या खाजगी व्यापाराला मुभा देणारं नवं आर्थिक धोरण आलं, सरकारी खर्चाला कात्री लागली, संस्थांचं अनुदान आटलं. १९२२ मध्ये मॉस्कोत जुन्या 'फिरत्या प्रदर्शनवाल्यां'चं, म्हणजे गावोगाव प्रदर्शनं नेणाऱ्या वास्तववादी चित्रकारांच्या मंडळाचं, ४७ वं प्रदर्शन भरलं आणि त्यातून 'क्रांतिकारी रशियाच्या कलाकारांची संघटना' उभी राहिली. रशियन आद्याक्षरांवरून तिला आख्र म्हणत. लाल सैन्याचं, कामगार-शेतकऱ्यांचं जीवन जसंच्या तसं रंगवायचं, हा त्यांचा जाहीरनामा. त्यांनी पक्षाच्या केंद्रीय समितीकडे जाऊन आपली सेवा देऊ केली आणि आम्ही काय करावं ते सांगा, अशी विचारणा केली. सैन्याचा, विशेषतः सेनानी वोरोशिलोव्हचा, वरदहस्त त्यांना लवकरच मिळाला.

साहित्यात हाच खेळ सर्वहारा लेखकांच्या संघटनेनं केला, तीच पुढची राप. १९२५ च्या उन्हाळ्यात पक्षानं साहित्यविषयक ठराव केला. त्यात पक्षनेता बुखारिनचा मोठा हात होता. कुठल्याही एका गटाला पक्षाच्या नावानं मक्तेदारी मिळणार नाही, गटांनी आपसात मोकळी स्पर्धा करावी, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. म्हणजे १९२५ मध्ये मक्तेदारी मागत होते ते लेखक आणि नाकारत होता तो पक्ष! रापवाले गप्प बसले नाहीत. १९२९ मध्ये पिल्न्याक आणि झाम्यातिन या लेखकांवर त्यांनी झोड उठवली. फेब्रुवारी १९३० मध्ये मायकोव्हस्कीसारख्या माणसाला आपले जुने साथीदार सोडून रापमध्ये जावं लागलं. १४ एप्रिलला त्यानं आत्महत्या केली. १९३१ मध्ये चित्रकलेतही त्याच धर्तीची सर्वहारा संघटना निघाली. म्हणूनच १९३२ च्या ठरावानं राप बरखास्त झाली तेव्हा कित्येक लेखकांनी सुटकेचा श्वास टाकला होता.

हे सगळे असे का वागले? माझं उत्तर साधं आहे: गिऱ्हाईक एकच उरलं होतं. मातीस आणि पिकासो विकत घेणाऱ्या श्चुकिन, मोरोझोव्ह या व्यापाऱ्यांचे संग्रह १९१८ मध्येच राष्ट्रीय मालमत्ता झाले. नव्या आर्थिक धोरणात थोडे खाजगी खरेदीदार परत दिसले, पण मोठं काम हवं तर संग्रहालय, सैन्य, कामगार संघ नाहीतर सरकारी प्रकाशन, हेच दरवाजे. एकट्या चित्रकाराला ते उघडत नव्हते, संघटनेला उघडत होते. मग संघटनेचं मुख्य काम त्या दारात आपली माणसं उभी करणं आणि दुसऱ्यांची हटवणं हेच झालं. १९३२ चा ठराव या रचनेचा शेवटचा टप्पा होता, असं मी म्हणते.

पिंपळपान

रेखाटन, तुमचा लेख मन लावून वाचला. निष्कर्ष मात्र अजिबात पटला नाही, आणि तो धोकादायकही वाटतो. ज्यांचा बळी गेला त्यांनाच यात सहआरोपी केलंय.

तुमच्या कथनात बंदूक कुठेच दिसत नाही. कवी गुमिल्योव्हला ऑगस्ट १९२१ मध्ये गोळ्या घातल्या. ग्लावलित हे सेन्सॉरचं खातं जून १९२२ मध्ये स्थापन झालं. त्याच वर्षी शरद ऋतूत तत्त्वज्ञ, प्राध्यापक, लेखक यांना बोटीत बसवून देशाबाहेर काढलं. आख्र त्याच वर्षी जन्मली. कुंपण आधी घातलं गेलं आणि मग आतली माणसं एकमेकांशी भांडली, हा क्रम तुम्ही उलटा लावलाय. कुंपणाच्या आत कोण किती ओरडलं यावर इतका मजकूर आणि कुंपण घालणाऱ्यावर एक ओळ, हे प्रमाण चुकतंय.

आणि प्रोलेतकुल्त का वगळला? ऑक्टोबर १९१७ मध्ये, सत्तांतराच्या अगदी तोंडावर उभी राहिलेली ही त्या काळातली सर्वांत मोठी सांस्कृतिक चळवळ. देशभर कार्यशाळा, नाटकं, वाचनगट. तिचे सिद्धांतकार बोग्दानोव्ह आणि मंडळींचा आग्रह काय होता? कामगारांची संस्कृती कामगार घडवतील, ती पक्ष आणि सरकार यांच्या हाताखाली नको. म्हणजे तुमच्या सिद्धांताच्या बरोबर उलट मागणी. तिचं काय झालं? १ डिसेंबर १९२० ला 'प्रावदा'त केंद्रीय समितीचं पत्र छापून आलं आणि प्रोलेतकुल्त शिक्षण खात्याला जोडला गेला. लेनिन जिवंत होता, स्टालिनचं राज्य अजून यायचं होतं, एकाही चित्रकारानं ते मागितलं नव्हतं. स्वायत्तता मागणाऱ्यांना ती मिळाली नाही आणि लाचारी करणाऱ्यांना दार उघडलं. निवड कोण करत होतं ते यातून दिसतं.

१९२५ च्या ठरावाचं तुम्ही कौतुक केलंत. मोकळ्या स्पर्धेची परवानगी देणारा आणि सात वर्षांनी ती काढून घेणारा पक्ष एकच. परवानगीनं मिळालेल्या मोकळिकीला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही.

शाईपेन

मला दोघांशीही भांडायचंय.

आधी रेखाटन यांच्याशी. आख्रच्या चित्रकारांना तुम्ही दारात उभे राहणारे दलाल करून टाकलंत. वस्तुस्थिती अशी की त्यांची प्रदर्शनं बघायला लोक खरोखर जात. कारखान्यातल्या माणसाला मालेविचचा काळा चौकोन समजत नव्हता, त्याला स्वतःसारखा माणूस भिंतीवर बघायचा होता. ही भूक खोटी नव्हती. ती रशियन चित्रकलेत १८७० पासून, फिरत्या प्रदर्शनवाल्यांच्या काळापासून होती. चित्रकार रादिमोव्ह हे त्या जुन्या मंडळाचे शेवटचे प्रमुख आणि आख्रचे पहिले, त्यामुळे ही परंपरा तोंडदेखली नव्हती. सरकारला वास्तववाद आवडला म्हणून वास्तववादी चित्रकार लाचार ठरत नाही.

आता पिंपळपान. तुमच्या हिशेबात सरकार म्हणजे केवळ बंदूक. यादवी युद्धाच्या उपासमारीत चित्रकारांना शिधा कुणी दिला? मुक्त कार्यशाळांत प्रवेश परीक्षेशिवाय कामगारांची मुलं कुणी घेतली? १९२० मध्ये व्हखुतेमास ही कलाशिक्षण संस्था निघाली. चित्र, शिल्प, स्थापत्य, छपाई, कापड, चिनीमाती, लाकूडकाम, धातुकाम हे सगळं एका छताखाली. तिथे तयार झालेली माणसं आणि तिथल्या शिक्षकांच्या कल्पना आजही जगभरच्या डिझाइनच्या वर्गांत शिकवल्या जातात. यातलं एकही काम बाजाराच्या भरवशावर झालं नसतं.

सरकारी मागणीवरचं काम म्हणजे वाईटच, हेही नको. देइनेकाचं 'पेत्रोग्राडचं रक्षण' हे चित्र १९२८ मध्ये लाल सैन्याच्या दशकपूर्तीच्या प्रदर्शनासाठी रंगवलं गेलं. वरच्या पुलावरून जखमी परत येताहेत, खाली सशस्त्र रांग पुढे चालली आहे, मागे पांढरी पोकळी. देइनेका आख्रचा नव्हता, ओस्तचा होता, म्हणजे चौकटचित्र मानणाऱ्या पण आधुनिक रचना करणाऱ्या तरुणांच्या गटाचा. त्याच गिऱ्हाइकानं, त्याच वर्षी, दोन्ही गटांना काम दिलं. एकच गिऱ्हाईक असताना वैविध्य शक्य होतं याचा हा पुरावा घ्या. मग चार वर्षांत ते का अशक्य झालं, याचं उत्तर रेखाटन यांच्या सिद्धांतात नाही.

रेखाटन

शाईपेन, देइनेकाचं उदाहरण फार चांगलं दिलंत. १९२८ मध्ये सैन्य, संग्रहालय, कामगार संघ, प्रकाशनं यांच्या तिजोऱ्या वेगळ्या होत्या आणि त्या सांभाळणाऱ्यांच्या आवडीही. एक 'नाही' म्हणाला तर दुसरीकडे जाता येत होतं. त्याच वर्षी कलाकारांची एक सहकारी संस्था निघाली आणि पुढे तिच्यामार्फत कराराची पद्धत रुळली. चित्रकाराला ठरावीक उचल मिळायची, बदल्यात त्यानं ठरलेल्या विषयावरची चित्रं द्यायची. चित्र मंजूर झालं नाही तर उचल अंगावर. पंचवार्षिक योजनेच्या त्या वर्षांत एकेक दार असं एकाच गल्लीत येत गेलं. १९३२ नंतर संघ, करार, रंग, स्टुडिओ, दौऱ्यांचा खर्च हे सगळं एकाच ठिकाणाहून मिळू लागलं. वैविध्य गेलं ते त्यामुळे.

पिंपळपान, बंदूक मी विसरलेली नाही. पण बंदुकीनं माणूस गप्प होतो, तो दुसऱ्याच्या चित्रावर लेख लिहीत नाही. १९२६ मध्ये लेनिनग्राडच्या वर्तमानपत्रात मालेविचच्या कलासंशोधन संस्थेवर 'सरकारी पैशावरचा मठ' असा आरोप करणारा लेख आला आणि त्याच वर्षी ती संस्था गुंडाळली गेली. लिहिणारा कलेच्याच वर्तुळातला समीक्षक होता. अशा लेखांची त्या काळात रीघ आहे. त्यांच्या लेखकांना कुणाच्याही घोषणेची वाट बघावी लागली नाही.

प्रोलेतकुल्तबद्दल एकच सांगते. त्यांचा एक महत्त्वाचा सिद्धांतकार केर्झेन्त्सेव्ह जानेवारी १९३६ मध्ये नव्या अखिल-सोव्हिएत कला समितीचा प्रमुख झाला आणि त्याच्या कारकिर्दीत 'आकारवाद्यां'विरुद्धची, म्हणजे आशय सोडून रूपाचेच खेळ करतात असा ठपका असलेल्यांविरुद्धची, मोहीम चालली, आधुनिक चित्रं संग्रहालयांच्या भिंतींवरून तळघरात गेली. स्वायत्ततेची भाषा बोलणारी माणसं पुढे कुठे बसली, हेही बघायला हवं.

सागरवेळ

जरा अवांतर वाटेल, पण थेट संबंध आहे. गोव्यात साळगावला जन्मलेले, जे. जे. मधून काढून टाकलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा. मुंबईत १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करणाऱ्यांत ते पुढे होते आणि त्याच सुमारास कम्युनिस्ट पक्षातही होते. असं रंगवा, तसं रंगवा, हे पक्ष सांगायला लागला म्हणून आपण तो सोडला, असं त्यांनी लिहून ठेवलंय. खरा चित्रकार ना टोळक्यांसाठी रंगवतो ना सर्वहारांसाठी, अशी त्यांची भूमिका.

मॉस्कोत १९३४ च्या लेखक परिषदेत समाजवादी वास्तववाद, म्हणजे समाजवादाला पोषक असं वास्तववादी चित्रण, अधिकृत झाला त्याची सावली अशी गिरगावापर्यंत पोचली होती. मला यात पिंपळपान यांचं म्हणणं खरं ठरताना दिसतं: वळण पक्षाच्या वृत्तीतच होतं. मुंबईत ना पक्षाकडे सत्ता होती, ना तो एकमेव गिऱ्हाईक होता, तरी सूचना सुरू झाल्याच.

रेखाटन

सागरवेळ, मी याच उदाहरणाचा उलटा अर्थ लावेन. सूचना आल्या, सूझांनी पक्ष सोडला आणि ते रंगवत राहिले. मुंबईत चित्रं घेणारे दुसरे होते, १९४९ मध्ये ते लंडनला जाऊ शकले. लेनिनग्राडच्या चित्रकाराला संघ सोडल्यावर रंगाची नळी कुठून आणायची हा प्रश्न होता. पक्षाची वृत्ती दोन्हीकडे एकच होती, असं घटकाभर मानू. तरी एकीकडे चित्रकार वाचला, दुसरीकडे नाही. हा फरक कशानं पडला?

खडू

सगळी चर्चा मॉस्को-लेनिनग्राडभोवती फिरतेय. कीव आणि खार्किवकडे बघितलं तर चित्र बदलतं.

मिखाइलो बोइचुक. कीवच्या कला अकादमीत प्राध्यापक. बायझंटाईन भित्तिचित्रं, मूर्तिचित्रं आणि युक्रेनी लोककला यांच्यातून त्यांनी शेतकऱ्यांच्या, श्रमाच्या विषयांसाठी एक भव्य शैली घडवली. विद्यार्थी एकत्र बसून भिंती रंगवत, एकट्याच्या सहीला महत्त्व नव्हतं. १९२५ मध्ये 'युक्रेनची क्रांतिकारी कला संघटना' निघाली, तिचा मोठा भाग बोइचुक-पंथीयांचा. ओदेसाजवळच्या शेतकरी आरोग्यधामाच्या भिंती त्यांनी रंगवल्या, पुढे खार्किवच्या चेर्व्होनोझावोद नाट्यगृहाच्या. समाजवादी आशय, जनतेला कळणारं रूप, सामूहिक काम, सरकारी इमारती. कुठल्याही निकषावर यांच्यापेक्षा जास्त 'सोव्हिएत' कलाकार सापडणं कठीण.

१९३६ मध्ये बोइचुकना अटक झाली, १३ जुलै १९३७ रोजी गोळ्या घातल्या. त्यांच्या पत्नी सोफिया नालेपिन्स्का, स्वतः लाकडी ठशांच्या उत्तम चित्रकार, त्यांनाही त्याच वर्षाच्या अखेरीस मारलं. सेद्ल्यार, पादाल्का हे शिष्यही मारले गेले. भिंतीवरची चित्रं खरवडून, रंगाखाली गाडून नाहीशी केली गेली.

आरोप होता राष्ट्रवादाचा. हे ना आख्रच्या स्पर्धेनं समजतं, ना एकमेव गिऱ्हाइकानं. गिऱ्हाईक चित्र नाकारतो, पैसे थांबवतो. तो भिंत खरवडून चित्रकाराला मारत नाही. रेखाटन, तुमच्या सिद्धांतात कला धोरण हे कला खात्यातच ठरतं. युक्रेनमध्ये ते राष्ट्रीयत्वाच्या धोरणात ठरलं. वीसच्या दशकात युक्रेनी भाषा-संस्कृतीला उत्तेजन द्यायचं ठरलं तेव्हा बोइचुक प्राध्यापक राहिले, आणि तीसच्या दशकात ते उत्तेजनच गुन्हा ठरलं तेव्हा तेच बोइचुक शत्रू झाले. मध्ये त्यांची चित्रकला कुणाला नकोशी झाली असं काही घडलं नव्हतं.

शाईपेन

खडू यांच्या प्रतिसादानंतर माझी बाजू मांडणं अवघड आहे, तरी मांडतो. बोइचुक प्राध्यापक झाले, ओदेसाच्या भिंती त्यांना मिळाल्या, हेही त्याच राज्यात घडलं. झारच्या काळात युक्रेनी छपाईवरसुद्धा बंदी आलेली होती. वीसचं दशक केवळ सापळा होता असं म्हटलं तर त्या माणसांनी मनापासून केलेलं काम आपण रद्दीत काढतो. त्यांनी ते विश्वासानं केलं होतं आणि त्यातलं बरंच उत्तम होतं. मला ते दशक शेवटावरून मोजायचं नाही.

पिंपळपान

शाईपेन, कामाबद्दल पूर्ण सहमत. राज्याच्या श्रेयाबद्दल नाही.

रेखाटन यांच्या गिऱ्हाइकाच्या मुद्द्यावर शेवटचं. चित्रकार पावेल फिलोनोव्ह. लेनिनग्राडमध्ये राहिले, हाताखाली शिष्यांचा गट होता, विश्लेषक कलेचे कारागीर. हा माणूस चित्रं विकत नसे. सगळं काम एकत्र ठेवून राज्याला द्यायचं, त्याचं संग्रहालय व्हावं, एवढीच इच्छा. चहा-पावावर दिवस काढले. ना कुणाच्या दारात उभे राहिले, ना करार मागितला, आणि क्रांतीवर निष्ठा इतकी की कुठल्याही सर्वहारा संघटनेनं लाजावं. १९२९ मध्ये रशियन म्यूझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन टांगून तयार झालं. ते महिनोन्‌महिने भिंतीवर राहिलं आणि जनतेसाठी कधीच उघडलं नाही. गिऱ्हाइकाच्या मर्जीचा तिथे प्रश्नच नव्हता. चित्रं आधीच भिंतीवर होती, विकायची नव्हती, फक्त दार उघडायचं होतं.

आता १९३२ च्या ठरावाकडे या. ठरावानंतर सात महिन्यांनी, नोव्हेंबरात, त्याच म्यूझियममध्ये 'रशियन प्रजासत्ताकाचे १५ वर्षांतले कलाकार' हे प्रदर्शन उघडलं. मांडणीत पुनिनचा वाटा होता. मालेविचला दालन मिळालं, फिलोनोव्हलाही जागा मिळाली. संघटना संपल्या होत्या आणि तरी ही चित्रं लोकांना दिसली. १९३३ मध्ये तेच प्रदर्शन मॉस्कोला गेलं, तेव्हा नवकलावाल्यांची जागा आक्रसून 'आकारवाद' म्हणून बाजूला काढली गेली, त्याच वर्षी समीक्षक बेस्किनचं आकारवादाविरुद्धचं पुस्तक आलं. या काही महिन्यांत एकाही गटानं दुसऱ्याला ढकललं नाही, गटच उरले नव्हते.

रापचा पुढारी आवेरबाख तुमच्या दृष्टीनं या कथेतला मुख्य गुन्हेगार. तो गुप्त पोलिसांच्या प्रमुखाचा, यागोदाचा, मेहुणा होता. १९३७ मध्ये त्यालाही गोळी घातली. पुनिन १९५३ मध्ये आबेझच्या कैदी-छावणीत वारले. फिलोनोव्ह डिसेंबर १९४१ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीनं गेले. चित्रं त्यांच्या बहिणीनं सांभाळली आणि १९७७ मध्ये त्याच रशियन म्यूझियमला दिली.

रेखाटन

फिलोनोव्हच्या प्रदर्शनाबद्दल एक भर. ते उघडावं की नाही यावर म्यूझियममध्ये कामगारांना बोलावून चर्चा घडवली गेली होती. प्रदर्शन बंद ठेवायला त्यांचं मत हाताशी येईल अशी अपेक्षा होती, पण कित्येक कामगारांनी ते उघडावं असं सांगितलं. शाईपेन यांनी सुरुवातीला प्रेक्षकांची बाजू मांडली, तिच्याकडे मी पुरेसं लक्ष दिलं नव्हतं आणि या धाग्यावर इतर कुणीही दिलेलं नाही. आख्र, राप, पक्ष, तिघेही 'जनतेला काय कळतं' हे परस्पर ठरवत होते. पुढचा लेख मी त्या प्रेक्षकांवर लिहिणार आहे. त्या काळातल्या प्रदर्शनांच्या अभिप्राय-वह्यांबद्दल कुणी वाचलं असेल तर इथे जरूर लिहा.